हॉथॉर्नवरची चादर

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी तीन वाजून पस्तीस मिनिटांनी, आयर्लंडमधल्या विकलोच्या डोंगरात बर्फात अडकलेले शहात्तर वर्षांचे एक मेंढपाळ स्वतःच्या पायांनी खाली आले. एका झुडपावर वाळत घातलेली पांढरी चादर दिसली आणि तिच्या रोखाने आपण चालत राहिलो, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी त्या झुडपावर चादर नव्हती. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण ती घालायची की नाही हा निर्णय माझा होता, आणि मी घातली नव्हती.

या सदरात लिहिणारे बहुतेकजण ‘माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता’ असं आधी सांगून टाकतात. माझाही नव्हता, पण माझ्या बाबतीत तो नोकरीचा भाग होता. पुण्यात अकरा वर्षं मी एका दैनिकाच्या डेस्कवर होते. ‘असे समजते’, ‘परिसरात चर्चा आहे’ ही वाक्यं कापणं हे माझं काम. तालुक्याच्या गावातून अशी काही बातमी आली की मी फोन करून विचारायचे... कोणी पाहिलं? किती वाजता? किती अंतरावरून? तिसऱ्या प्रश्नापर्यंत बातमी सहसा टिकायची नाही. म्हणून खाली लिहिताना मी स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याने सांगितलेलं वेगळं ठेवलं आहे. नावं बदलली आहेत. खोऱ्याचं नाव देत नाही, कारण तिथे तीनच घरं आहेत.

आम्ही डून लेरीला राहतो. नवरा निखिल हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, मी एका सॉफ्टवेअर कंपनीत मजकूर तपासते. मुलीला, ईराला, शाळेची मिडटर्मची सुट्टी होती. निखिलने रजा घेतली आणि तिला घेऊन तो कॉर्कजवळ त्याच्या भावाकडे गेला. माझी सहा दिवसांची रजा शिल्लक होती. लग्नानंतर चौदा वर्षांत मी एकटी कुठे राहिले नव्हते. विकलोच्या डोंगरात एक जुनं दगडी कॉटेज मंगळवार ते सोमवार भाड्याने घेतलं.

“उपसंपादक बाई,” निखिल निघताना म्हणाला, “सहा दिवस कोणाचंही वाक्य दुरुस्त करू नका.”

“मेंढ्यांचं तरी?”

“मेंढ्या तुझ्यापेक्षा कमी बोलतात.”

जागा समजून घ्यायला हवी. कॉटेज डोंगराच्या एका खांद्यावर आहे. समोर अंगण, अंगणाच्या कडेला दगडी बांध, आणि बांधाला लागून हॉथॉर्नचं एक मोठं झुडूप — काटेरी, माणसाच्या उंचीपेक्षा थोडं जास्त. त्याच्या पलीकडे सगळा डोंगर मोकळा. खाली तीनशे मीटरवर डॅन नावाच्या मेंढपाळांचं घर. त्या घराच्या मागे सूचिपर्णी झाडांची दाट लागवड आहे, त्यामुळे डोंगरावरून त्यांचं घर दिसत नाही. कॉटेज आणि ते झुडूप दिसतं. मोबाईलला रेंज कुठेच नाही. लँडलाइन फक्त डॅनकडे.

पहिल्याच संध्याकाळी मी एक चूक केली. बघणारं कोणी नव्हतं म्हणून पलंगावर मांडी घालून वरण-भात खायला बसले आणि ताट कलंडलं. मालकीणबाईंच्या पांढऱ्या चादरीवर हळदीचा वीतभर डाग. हळदीवर साबण चालत नाही, ऊन चालतं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. बुधवारी सकाळी लख्ख ऊन होतं. कपडे वाळवायची दोरी घराच्या मागे, सावलीत. म्हणून चादर धुतली आणि ओलीच हॉथॉर्नवर पसरली. काट्यांमुळे चिमट्यांचीही गरज पडली नाही.

बारा वाजून गेल्यावर फाटक वाजलं. डॅन आत आले. धापा टाकत होते. माझ्याकडे न बघता झुडपाकडे बघत उभे राहिले.

“ही तुझी?”

“हो. सॉरी, मागच्या बाजूला ऊन येत नाही म्हणून...”

“असू दे, असू दे. धुणंच आहे.” त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. “धुणंच असणार हे मला वरून निघतानाच माहीत होतं. पाय ऐकायला तयार नव्हते.”

मी त्यांना आत बोलावलं. त्यांनी जे सांगितलं ते असं : हे कॉटेज म्हणजे त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं, पेगचं, पहिलं घर. खाली नवीन घर बांधल्यावरही पेग दुपारचा स्वयंपाक इथल्याच चुलीवर करायची. जेवण तयार झालं की हॉथॉर्नवर पांढरी चादर टाकायची. डॉनेगलपासून केरीपर्यंत पूर्वी सगळीकडे हीच पद्धत होती, असं ते म्हणाले. शेतात, डोंगरावर असलेल्या माणसाला हाक ऐकू जात नाही, चादर दिसते.

“आणि यायला उशीर केला तर?” मी विचारलं.

“तर कुत्र्याची चैन.”

पेगला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या मुलीने कॉटेज भाड्याने द्यायला काढलं. दोन वर्षांत त्या झुडपावर कोणी काही वाळत घातलं नव्हतं.

मी ताट वाढलं. वरण, भात, लिंबाचं लोणचं.

“हे पिवळं काय?”

“ज्याने चादर खराब झाली तेच.”

त्यांनी एक घास खाल्ला, मग दुसरा. “मग चादरीला दोष देता येणार नाही,” म्हणाले, आणि ताट पुसून घेतलं. लोणच्याला मात्र हात लावला नाही.

निघताना फाटकाशी थांबले. “पुन्हा नको टाकूस हं, मिसेस. वरून ही एकच गोष्ट दिसते. रोज मी असा पळत आलो तर मेंढ्या कोण बघणार?” ते हसत होते, पण डोळे झुडपावरच होते. मी शब्द दिला. चादर काढून आत नेली, वाळवली, घडी करून प्रेसमध्ये ठेवली (प्रेस म्हणजे इथे कपाट). घरात एकूण चार पांढऱ्या चादरी होत्या. भिंतीवर लावलेल्या सामानाच्या यादीतही चारच.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता डॅन काठी घेऊन कॉटेजवरून गेले. वरच्या पठारावर आठ मेंढ्या राहिल्या होत्या, त्या आणायच्या होत्या. त्यांची कुत्री, जेस, बरोबर नव्हती.

“तिचा पंजा कापलाय. घरी बांधून आलोय. शिव्या देतेय मला.”

“मग एकटेच जाणार?”

“साठ वर्षं जातोय. साडेबाराला जेवायला खाली.”

अंदाज पावसाचा होता. पावणेअकराला गारांसारखं काहीतरी पडायला लागलं, सव्वाअकराला त्याचा बर्फ झाला. ऑक्टोबरमध्ये या उंचीवर बर्फ पडल्याचं मला तरी आठवत नाही. आधी मी दारात उभी राहून फोटो काढले. ईराला दाखवायला. बारा वाजता बांध दिसेनासा झाला. डोंगर तर कधीच गेला होता.

साडेबारा झाले. डॅन आले नाहीत. एक वाजता खालून जेसचं भुंकणं ऐकू आलं. न थांबता.

आता जे लिहिते ते लिहायला मला जड जातं. मी प्रेस उघडलं आणि एक चादर काढली. ती हातात घेऊन दारात उभी राहिले. साधारण एक मिनिट. मग दोन गोष्टी मनात आल्या. एक, शब्द दिला होता. दुसरी, पांढऱ्यावर पांढरं कोणाला दिसणार? दुसरं कारण मला पटलं. घरात रंगीत कापड शोधलं. माझे कपडे काळे, करडे, गडद निळे, म्हणजे दुरून खडकच वाटले असते. पडदे पांढरे. मी चादर घडी करून परत ठेवली, दाराला कुलूप लावलं आणि फोन गाठायला खाली निघाले. एक वाजून दहा मिनिटं.

डॅनचं घर उघडंच असतं. त्यांचा मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. लँडलाइनवरून मी आपत्कालीन क्रमांक फिरवला. बाई शांत होती. वय विचारलं, कपडे विचारले, कुठल्या वाटेने गेले ते विचारलं. बचावपथक निघतंय, पण वरचा रस्ता बंद झालाय, वेळ लागेल, असं सांगितलं. “तुम्ही या फोनजवळून हलू नका. पथकाला तुमचीच मदत लागेल.” म्हणून मी हलले नाही.

मग निखिलला फोन केला.

“डॉक्टर म्हणून सांगू की नवरा म्हणून?” त्याने विचारलं.

“डॉक्टर.”

“ओले झाले असतील तर तीन-चार तास. त्यातले दोन गेले असं धर.”

“आणि नवरा म्हणून?”

“तू वर जायचं नाहीस. आयुष्यात डोंगर म्हणून तू फक्त पर्वती चढली आहेस.”

मागून ईराचा आवाज आला, तिच्या पक्क्या आयरिश सुरात : “मम, इज द डॉग ग्रँड?”

“ग्रँड आहे गं,” मी म्हटलं (ग्रँड म्हणजे इथे ठीक). जेस दाराशी उभी होती. तिचं भुंकणं थांबलं होतं. किती वाजता थांबलं, हे मी बघितलं नाही. बघायला हवं होतं.

त्यानंतरचे दोन तास मी खिडकीशी होते. घरातले सगळे दिवे लावले. केटल तीनदा उकळली. पुन्हा पुन्हा मनात येत होतं की चादर टाकायला काय हरकत होती... दिसली नसती तर नसती. एक कापड टाकण्याइतकं सोपं काम मी तर्क लढवून टाळलं होतं.

तीन पस्तीसला बर्फ थांबला आणि झाडांच्या कडेने वर कॉटेजच्या अंगणात कोणीतरी उभं दिसलं. मी धावले. दोनदा पडले.

डॅन झुडपाजवळ उभे होते. ओठ निळसर, भुवयांवर बर्फ, काठी हातात. एक हात झुडपावर ठेवलेला.

“कधी काढलीस?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“चादर. आत्ता बांधाशी येईपर्यंत होती.”

मी त्यांना दंडाला धरून आत नेलं, ओले कपडे काढायला लावले, रजयांत गुंडाळलं, गोड चहा दिला. मग खाली जाऊन पथकाला कळवलं, निखिलला कळवलं, जेसला सोडलं. परत आले तेव्हा ते चुलीजवळ होते आणि बऱ्यापैकी बोलत होते.

त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत : “वर गेलो आणि ढग खाली आला. स्वतःचा हात दिसेना. एका खडकाच्या आडोशाला बसलो. थांबू म्हटलं. मग झोप यायला लागली. चांगली, उबदार झोप. तशी झोप आली की उठायचं असतं, हे मला माहीत होतं, पण उठावंसं वाटेना. मग ढग एका जागी फाटला आणि खाली झुडूप दिसलं. त्यावर चादर. मनात म्हटलं, मेलो आता, एक तास उशीर झालाय, बोलणी बसणार. आणि उठलो.”

घड्याळ पाहिलं होतं का, मी विचारलं. पाहिलं होतं. दीडला पाच-सात मिनिटं इकडेतिकडे. वाटेत चादर तीन-चारदा नाहीशी झाली. थांबलं की पुन्हा दिसायची.

“तू शब्द मोडलास,” ते म्हणाले. “देव तुझं भलं करो.”

इथे मी गप्प बसू शकले असते. त्यांना काहीच कळलं नसतं. त्यांना बरं वाटलं असतं आणि माझ्या मनावरचं ओझंही गेलं असतं. पण कोणाचं श्रेय कोणाच्या नावावर चाललंय हे तपासणं हेच माझं काम राहिलं आहे.

“डॅन, मी चादर टाकली नाही. हातात घेतली होती, पण परत ठेवली. वाटलं, बर्फात दिसणार नाही. मी दहापासून... एक वाजून दहापासून तुमच्या घरी होते.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“नाही टाकलीस?”

“नाही.”

“बरं,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने : “पेगचा रेडिओवरच्या अंदाजावर कधी विश्वास नव्हता.”

उजेड होता तेवढ्यात मी बाहेर जाऊन पाहणी केली. फोटो माझ्याकडे आहेत. हॉथॉर्नवर बांधावर होता तितकाच जाड बर्फ होता, अखंड, फक्त डॅननी हात ठेवला तिथे मोडलेला. दोन तास त्यावर चादर असती तर असा बर्फ साठला नसता. अंगणात पावलं दोघांचीच, डॅनची आणि माझी. प्रेसमध्ये तीन चादरी, माझ्या पलंगावर चौथी. चारही कोरड्या.

निखिलने रात्रीच्या फोनवर शास्त्रीय कारण दिलं. शरीराचं तापमान उतरलं की माणसाला भास होतात. बुधवारीच खरी चादर पाहिलेली, चाळीस वर्षांची सवय, मेंदूने तेच चित्र पुढे केलं. मला ते पटलं. ते एका दिवसापुरतं पुरलं.

शनिवारी ऊन पडलं, दुपारपर्यंत बर्फ वितळला. डॅन आणि खालच्या घरातला शेजारी वर जाऊन आठही मेंढ्या घेऊन आले. त्याआधी, अकराच्या सुमारास, पोस्टाची व्हॅन आली. टपाल वाटणारी नीव तिशीची आहे, या वाटेवर यंदाच्या वसंत ऋतूपासून येते. पेगला तिने कधी पाहिलेलं नाही. माझ्याशी तिची गुरुवारी एकदा दोन मिनिटं गाठ पडली होती.

खिडकीची काच खाली करून ती ओरडली, “काय गं, वाळली का चादर?”

“कुठली?”

“कुठली काय! काल! खालच्या पुलापाशी गाडी वळवली मी, पुढे येता येईना. वर बघते तर बाई बर्फात धुणं वाळत घालतेय. म्हटलं, भारतात असं वाळवतात की काय!”

मी फाटकापाशी गेले. डेस्कवरचे प्रश्न विचारले. किती वाजता? दीड, कारण गाडीत बातम्या लागल्या होत्या. किती अंतर? पुलापासून कॉटेज, सरळ रेषेत अर्धा किलोमीटर. त्या वेळी दिसत होतं? बर्फ मिनिटभर थांबला होता. बुधवारची चादर आठवत असेल का? नाही, बुधवारी ती सुट्टीवर होती, टपाल दुसऱ्याने टाकलं. याची मी नंतर त्या दुसऱ्या माणसाकडूनही खात्री करून घेतली.

“मी हॉर्न वाजवला,” नीव म्हणाली. “तू हात केलास की मला.”

दीड वाजता मी डॅनच्या स्वयंपाकघरात होते. आपत्कालीन क्रमांकाला केलेला फोन एक पंचवीसला लागला आणि एक चौतीसला संपला. तिकडच्या नोंदीवरून मी हे विचारून घेतलं आहे. नीवला डॅन अडकल्याचं शनिवारी मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. याचं स्पष्टीकरण मला देता आलेलं नाही. निखिललाही नाही, आणि त्याने प्रयत्न केला.

दुपारी मी डॅनकडे गेले. हे त्यांना सांगावं की नाही यावर विचार केला होता. माणूस कसाबसा सावरलेला, त्याला पुन्हा त्याच दारात नेऊन उभं करायचं का? पण ते त्यांचं होतं, माझं नव्हतं. मी नीवचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. चादर, हॉर्न, हात केला ते.

ते मेंढ्यांचे खूर तपासत होते. वर बघितलं नाही. दुसऱ्या कोणी विचारलं असतं ते काहीच त्यांनी विचारलं नाही — चेहरा दिसला का, केस कसे होते, काही नाही.

“अंगात कोट होता का तिच्या?” एवढंच विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी ते विचारलंच नव्हतं. अकरा वर्षं डेस्कवर काढून हा प्रश्न मला सुचला नव्हता.

“विचारते,” मी म्हटलं.

रविवारी टपाल नसतं. सोमवारी मला दहाला निघायचं होतं. सामान गाडीत भरून मी अकरापर्यंत फाटकाशी थांबले. व्हॅन आली.

“कोट? होता की,” नीव म्हणाली. “लांब, गुडघ्याच्या खाली. तपकिरी. का, हरवलास?”

माझा कोट निळा आहे, कमरेपर्यंतचा.

खाली डॅनच्या दारासमोर गाडी थांबवली. ते मेंढ्यांना चारा टाकत होते, जेस तीन पायांवर मागे मागे. मी काच खाली केली.

“होता. लांब, तपकिरी.”

डॅननी मान डोलावली.

“तो गरम आहे,” ते म्हणाले, आणि पुढच्या गव्हाणीकडे बादली घेऊन गेले.